घरातली कोथिंबीर, पुदिना, तुळस तीन आठवड्यांत पिवळी पडून मान टाकते: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

नर्सरीतून आणलेली तुळस, भाजीवालीकडच्या जुडीतून लावलेला पुदिना, धने रगडून पेरलेली कोथिंबीर. पहिले पंधरा-वीस दिवस सगळं छान चालतं. मग खालची पानं पिवळी पडतात, देठ लिबलिबीत होतो आणि एका सकाळी रोप मान टाकून पडलेलं असतं. नवं रोप येतं, त्याच कुंडीत, त्याच मातीत लागतं, त्याच ओट्यावर बसतं आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच होतं. बदललं ते फक्त रोप. कारण जिथल्या तिथे राहिलं.

खालचं सगळं नाशिकच्या फ्लॅटमधल्या कुंड्यांसाठी आहे: स्वयंपाकघराचा ओटा, ड्राय बाल्कनी, जाळी लावलेली स्लायडिंग खिडकी. उघड्या गच्चीवरच्या बागेचे प्रश्न वेगळे असतात.

घरातलं रोप तहानेने क्वचितच मरतं. त्याची मुळं गुदमरतात. मुळांना श्वासासाठी मातीच्या कणांमधली हवा लागते. त्या पोकळ्या कायम पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून खाली चिखल असतानाही वर पान सुकल्यासारखं दिसतं. ते पाहून घरातलं कोणीतरी काळजीने आणखी एक तांब्या पाणी घालतं, आणि रोप तिथेच संपतं. उजेड कमी असला की हे आणखी लवकर होतं, कारण अंधाऱ्या जागी रोप पाणी फार हळू वापरतं.

आधी लक्षण ओळखा

- खालची पानं पिवळी, माती हाताला ओली: मुळं गुदमरताहेत.
- पाणी घातल्यावरही रोप सावरत नाही, कुंडीजवळ नाक नेलं की आंबूस, नाल्यासारखा वास येतो: मूळकूज सुरू झाली आहे.
- देठ लांब आणि बारीक, दोन पानांमधलं अंतर जास्त, रोप खिडकीकडे झुकलेलं: उजेड कमी.
- आठ-दहा दिवसांची कोथिंबिरीची रोपं मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडतात: रोपांची मर.
- नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, विशेषतः कढीपत्त्यात: लोह मिळत नाही. बहुधा पाणी जड असतं.
- पानांच्या कडा करपलेल्या, कुंडीच्या काठावर पांढरा थर: क्षार साचले.
- जुनी पानं सावकाश पिवळी, माती व्यवस्थित वाळते, उजेडही भरपूर: खत संपलं.

दुपारच्या उन्हात पुदिना थोडा मलूल होतो आणि संध्याकाळी आपोआप उभा राहतो. हा दोष नाही. त्याला पाणी घालायला धावू नका.

पहिली तपासणी: बोट आणि वजन

याला काही खर्च नाही आणि निम्मी कोडी इथेच सुटतात. तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत घाला. वरचा थर फसवतो. पंख्याने तो वाळून पांढरट दिसतो, पण एक इंच खाली चिखल असू शकतो. दुसऱ्या पेराला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पुदिन्याला थोडी जास्त ओल चालते, त्याला पहिल्या पेरापर्यंत वाळलं की द्या. तुळस आणि पानओवा यांना दोन पेरं पूर्ण कोरडी होऊ द्या. पानओव्याची पानं मांसल असतात, स्वतःचं पाणी ती साठवून ठेवतात.

बोटाचा अंदाज येत नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. कुंडीला पूर्ण पाणी द्या, अर्धा तास निथळू द्या, वजन करा आणि पट्टीवर लिहून कुंडीला चिकटवा. समजा ६ इंची कुंडी १९०० ग्रॅम भरली. रोज सकाळी उचलून पाहा. दुसरं पेर कोरडं लागेल त्या दिवशी पुन्हा वजन करा, समजा ते १४०० आलं. आता त्या कुंडीचे दोन्ही आकडे तुमच्याकडे आहेत. आठवड्याभरात हाताला वजन कळायला लागतं आणि काट्याची गरज उरत नाही.

पाणी देताना कपभर शिंपडू नका. खालच्या छिद्रातून पाणी येईपर्यंत सावकाश द्या आणि मग माती वाळेपर्यंत थांबा. रोज थोडंथोडं दिलं की वरचा थर कायम ओला राहतो आणि त्यात चिलटं अंडी घालतात. 'दर दोन दिवसांनी पाणी' असा नियम करू नका. एप्रिलमध्ये जी कुंडी एका दिवसात वाळते तीच जुलैत पाच-सहा दिवस ओली राहते, आणि नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही जवळपास तसंच. पाणी सकाळी द्या. थंडीत रात्रभर गार चिखलात उभी राहिलेली तुळस काळी पडते.

दुसरी: बशी आणि छिद्र

कुंडी उचला. खालच्या ताटलीत पाणी असेल तर ओतून टाका. पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने ताटली रिकामी करायची सवय लावा, नाहीतर निथळलेलं पाणी माती परत वर ओढते. दिवाणखान्यात ठेवतात त्या चिनी मातीच्या देखण्या कुंड्यांना बहुतेकदा छिद्रच नसतं. अशी कुंडी बाहेरचं आवरण म्हणून वापरा आणि आत छिद्र असलेली प्लॅस्टिकची कुंडी ठेवा.

छिद्र असेल तर ते मोकळं आहे का ते पेन्सिल खालून घालून पाहा. ६ ते ८ इंची कुंडीला बोटाच्या जाडीची चार-पाच छिद्रं हवीत. कमी असतील तर तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने पाडा, पण खिडकी उघडी ठेवून, कारण प्लॅस्टिकचा धूर छातीला वाईट.

तिसरी: उजेड

माणसाच्या डोळ्याला जी खोली लख्ख वाटते ती रोपासाठी अंधारी असू शकते. दुपारी १२ च्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर एक वीत उंचीवर हात धरा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर तुळस, कोथिंबीर, गवती चहा तिथे चालतील. सावली पुसट असेल तर पुदिना आणि पानओवा जेमतेम निभावतील. सावलीच नसेल तर तिथे पाण्याची कितीही काळजी घेतली तरी काही टिकणार नाही. मोबाइलवरच्या उजेड मोजणाऱ्या ॲपचा आकडा ढोबळ असतो, पण दोन जागांची तुलना करायला तो पुरतो. कोथिंबीर-तुळशीला दिवसातले बरेच तास १० हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड हवा. खिडकीपासून सहा-सात फूट आत बहुधा काहीशेच लक्स मिळतात.

खिडकीची दिशा वर्षभर सारखी काम करत नाही, आणि इथे पुष्कळ लोक चुकतात. नाशिक २० उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरात उलट होतं. माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशांवर दक्षिणेला असतो आणि खिडकीची वरची कड ७ फुटांवर असेल, बाहेर छज्जा आड येत नसेल, तर ऊन फरशीवर साडेसहा फूट आत पोचतं. म्हणजे जानेवारीत दक्षिणेच्या खिडकीत तरारलेली तुळस जूनमध्ये तिथेच मलूल होते, आणि त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. जूनच्या सुरुवातीला तिला पूर्वेच्या खिडकीत हलवा. पश्चिमेची खिडकी मार्च ते मे या काळात पानं भाजते. तिथे दुपारी हिरवी शेडनेट किंवा साधी ओढणी आडवी लावा.

जाळी आणि काळपट काच दोन्ही उजेड खातात. धूळ बसलेली जाळी तर फारच. दिवसा जाळीचं पल्लं सरकवून ठेवता आलं तर फरक आठवड्यात दिसतो. जाळी महिन्यातून एकदा धुवा. कुंडी दर तीन-चार दिवसांनी पाव फेरा फिरवा, म्हणजे रोप एका बाजूला वाकणार नाही.

चौथी: पानामागे बघा

पान उलटं करून पाहा. द्राक्षबागांच्या या मुलखात भुरी, मावा, पिठ्या ढेकूण, लाल कोळी ही नावं कुणाला नवी नाहीत. कोथिंबिरीवर पांढरी भुकटी म्हणजे भुरी. देठावर कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. पुदिन्याच्या पानामागे केशरी ठिपके म्हणजे तांबेरा. तांबेरा दिसला तर सगळा पुदिना मातीलगत कापा, कापलेलं कचऱ्यात टाका, खताच्या डब्यात नको. खालून स्वच्छ फुटवा येतो.

मावा आणि पिठ्या ढेकणासाठी एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंब तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब. संध्याकाळी, पानामागे, पाच दिवसांच्या अंतराने तीन वेळा. नंतर आठवडाभर पानं तोडू नका आणि तोडताना धुऊन घ्या. चिलटांसाठी कृषी सेवा केंद्रात मिळणारा पिवळा चिकट सापळा कापून कुंडीत खोचा, पण त्यांचा खरा इलाज वरचा थर वाळू देणं हाच आहे.

आणि कृपा करून बागेसाठी आणलेलं कीटकनाशक किंवा बुरशीनाशक 'थोडंसंच' म्हणून घरच्या कोथिंबिरीवर मारू नका. त्यांतली बरीच औषधं पानाच्या आत भिनतात, धुऊन जात नाहीत. द्राक्षाला फवारणी आणि काढणी यांत ठरलेले दिवस पाळले जातात. ओट्यावरची पानं मात्र दुसऱ्याच दिवशी आमटीत पडतात.

पाचवी: पाणी कुठलं आहे

महापालिकेच्या नळाचं पाणी बहुतेक कुंड्यांना चालतं. अडचण बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्याची, जी शहराच्या कडेच्या नव्या इमारतींत जास्त दिसते. नळाच्या तोटीवर पांढरा खडा धरत असेल तर तेच क्षार कुंडीतही साचताहेत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन कोणाकडून मागून आणा. ५०० पीपीएमच्या आत असेल तर निश्चिंत राहा, हजाराच्या वर असेल तर ते पाणी कुंडीला नको.

आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी जपून कुंडीत घालणारे पुष्कळ आहेत. पाणी वाचवण्याची कळकळ मोलाची आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. ते फरशी पुसायला वापरा. सोसायटीत पाणी मऊ करण्याचा प्लांट असेल तर त्या पाण्यात सोडियम वाढलेलं असतं, तेही कुंडीला नको. पावसाळ्यात खिडकीबाहेर बादली ठेवून धरलेलं पाणी सगळ्यांत उत्तम.

क्षार साचलेली कुंडी बाथरूममध्ये न्या आणि कुंडीच्या मापाच्या तिप्पट चांगलं पाणी सावकाश सोडून पूर्ण निथळू द्या. कढीपत्त्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर एक लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) घालून एकदा मातीत द्या. पंधरा दिवसांत नवी पालवी हिरवी आली नाही तर चिलेटेड लोह आणा, कारण जड पाण्याच्या मातीत हिराकशीतलं लोह लवकर अडकून पडतं.

खत या सगळ्यानंतर. माती वाळते आहे, उजेड आहे, पाणी बरं आहे आणि तरी जुनी पानं पिवळी पडताहेत, तरच ८ इंची कुंडीला महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, किंवा पंधरा दिवसांनी लिटरला १ ग्रॅम १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं मिश्र खत. कुजक्या मुळांना खत घातलं तर रोप आणखी लवकर जातं.

सहावी: रोप उपसून माती बदलणं

हात घाण होण्याचं काम आहे म्हणून शेवटी ठेवलं. पण कुंडी आठवडाभर ओलीच राहत असेल तर टाळू नका.

कुंडी आडवी करा, कडा दाबून मातीचा गोळा बाहेर सरकवा आणि मुळं पाहा. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट, चिमटीत घट्ट लागतं. कुजलेलं मूळ तपकिरी असतं. ते चिमटीत धरून हलकेच ओढलं की वरची साल मोज्यासारखी सुटून येते आणि बोटांत नुसता दोरा उरतो. असे दोरे सगळे कात्रीने कापा. अर्ध्याहून जास्त मुळं गेली असतील तर ते रोप वाचवायचा हट्ट सोडा. वरचे निरोगी शेंडे तेवढे घ्या. पुदिन्याचा किंवा तुळशीचा ४ इंची शेंडा, खालची पानं काढून, पेलाभर पाण्यात उजेडात ठेवा, पाणी दोन दिवसांनी बदला. पुदिन्याला साधारण आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात, तुळशीला थोडा जास्त वेळ लागतो.

कोथिंबिरीला मात्र हे चालत नाही. तिचं सोटमूळ हलवलेलं तिला सोसत नाही. ती नव्या मातीत नव्याने पेरा: न भाजलेले धने चपलेखाली हलके रगडून दोन फाकळ्या करा, रात्रभर भिजवा, ८ इंची कुंडीत २५-३० फाकळ्या अर्धा इंच खोल. दाट पेरलं की मर हमखास.

आता माती. शेतातली काळी माती कुंडीत नको. ती ओली झाली की फुगून हवा कोंडते, वाळली की तडकून मुळं तोडते. नर्सरीच्या पिशवीतली लाल मातीही बहुधा नुसती वापरण्याजोगी नसते. मापाने चार वाट्या कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन वाट्या गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, तीन वाट्या जाड वाळू किंवा परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे) घ्या. साडेसहाशे ग्रॅमची कोकोपीटची वीट भिजली की आठ-नऊ लिटर होते. ती दोन-तीन पाण्यांनी धुऊन पिळून घ्या, कारण तिच्यात मीठ असतं. ८ इंची कुंडीला चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पावडर) खतात मिसळला तर मर कमी होते.

तळाशी खडे किंवा खापरांचा थर देऊ नका. त्याने निचरा सुधारतो हा समज फार खोलवर रुजलेला आहे. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा आणि थेंब थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली म्हणून खालचं पाणी सुटलं. मातीत हेच घडतं. तळाचा काही भाग निथळल्यावरही चिंबच राहतो आणि खडे घातले की तो चिंब थर वर, थेट मुळांपाशी सरकतो. म्हणून उथळ ट्रेपेक्षा किमान ६ इंच खोल कुंडी घ्या आणि तळापासून मातीच भरा. छिद्रावर जाळीचा तुकडा पुरे. पावसाळ्यात कुंभाराकडची मातीची कुंडी प्लॅस्टिकपेक्षा लवकर वाळते.

सातवी: दिवा

पूर्वेची खिडकीच नसेल तर २० वॅटची ४ फुटी पांढरी एलईडी ट्यूब शेंड्यापासून एक वीत उंचीवर, रोज १२ तास. दिवसाला ०.२४ युनिट, महिन्याला सात-सव्वासात युनिट वीज. जांभळ्या दिव्याची गरज नाही. कोथिंबिरीला १५-१६ तास दिवा दिला तर ती पानं सोडून फुलावर जाते, म्हणून घड्याळाचा टायमर लावा. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर जाईल अशी लावा, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळावरून टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

इथे थांबा

दिवा लावल्यावर ट्रिप पडत असेल, प्लग गरम लागत असेल किंवा ओल्या हाताला झिणझिण्या आल्या तर मेन बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. टेप गुंडाळून चालवू नका.

कुंड्यांखालच्या भिंतीला किंवा खालच्या घराच्या छताला ओल आली तर कुंड्या हलवा आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला दाखवा. ते काम ताटल्या बदलून भागत नाही. ग्रिलबाहेर कुंड्या टांगण्याआधी लक्षात घ्या की ओल्या मातीची १० लिटरची कुंडी दहा-पंधरा किलोपर्यंत भरते. ग्रिलचे जोड गंजले असतील तर फॅब्रिकेटरने पाहिल्याशिवाय नको, खाली माणसं चालतात.

फवारलेली पानं चुकून खाल्ली गेली आणि मळमळ, घाम, चक्कर असं काही वाटलं तर वाट पाहू नका. औषधाची बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा.

आणि वरचं सगळं करूनही, नवी माती, नवी कुंडी, चांगला उजेड असूनही, लागोपाठ तिसऱ्यांदा रोपं गेली तर पुढचा प्रयोग करू नका. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र नाशिकमध्येच आहे, तिथल्या तज्ज्ञांना रोप दाखवा. पाण्याचा संशय असेल तर शासनाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत सामू (पीएच) आणि क्षारता तपासून घ्या. नेताना मेलेलं रोप नको, नुकतंच आजारी पडलेलं न्या, मुळांसकट, मातीचा गोळा न झाडता. वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते वाटेतच सडतं आणि खरं लक्षण झाकलं जातं. पाणी स्वच्छ बाटलीत एक लिटर, नळ दोन मिनिटं सोडून मग भरलेलं. चिठ्ठीवर लिहा: कुंडीचं माप, मातीत काय काय घातलं, शेवटचं पाणी कधी दिलं, खिडकी कोणत्या दिशेची, काय फवारलं आणि किती.